पोटातला वारा

विल्यम कलन हे एडिंबरोतले अठराव्या शतकातले मोठे वैद्य आणि प्राध्यापक. स्कॉटलंडच्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड कॅथकार्ट यांना त्यांनी १७७४ मध्ये एक लांबलचक पत्र लिहिलं. विषय होता, पाण्यात बुडून मेल्यासारख्या दिसणाऱ्या माणसांना परत आणण्याचा. १७७६ मध्ये ते पत्र पुस्तिकेच्या रूपात छापलं गेलं. अंगाला ऊब कशी द्यावी, फुप्फुसांत हवा कशी भरावी, असं बरंच काही त्यात आहे. आणि हवा भरण्याच्या भागात कलन यांनी आपले सहकारी डॉ. मन्रो यांची एक सूचना नोंदवली आहे. बाहेरून हवा फुंकताना कंठाचा खालचा, पुढे आलेला भाग बोटांनी हलकेच मागे दाबून धरावा. म्हणजे मागची अन्ननलिका मिटते आणि हवा पोटात शिरत नाही.

सूचना एवढीच, फार तर दोन ओळींची. पुढच्या अडीचशे वर्षांत ती विसरली गेली, दुसऱ्याच कामासाठी परत आली, दुसऱ्याच माणसाचं नाव लावून जगभर पसरली, शस्त्रक्रियागृहातलं कर्मकांड झाली आणि आता तिच्याविषयी शंका घेतली जाते आहे. शब्द तोच राहून त्याचा अर्थ सरकतो, हे भाषांतर करणाऱ्याला रोजचंच. हाताच्या एखाद्या कृतीचंही तसं होतं, हे मला या गोष्टीत दिसलं, म्हणून मी तिच्या मागे लागले.

हे मन्रो म्हणजे दुसरे अलेक्झांडर मन्रो. ‘दुसरे’ म्हणावं लागतं, कारण एडिंबरो विद्यापीठातलं शरीररचनाशास्त्राचं अध्यापकपद १७२० पासून १८४६ पर्यंत आजोबा, मुलगा आणि नातू अशा तीन अलेक्झांडर मन्रोंकडे चालत आलं होतं. त्यातले हे मधले सर्वांत बुद्धिमान, असं सगळे म्हणतात. त्यांची सूचना समजून घ्यायची तर गळ्याची रचना पाहायला हवी.

नाकातोंडातून आत जाणारी वाट घशात एकच असते आणि थोडं खाली तिला दोन फाटे फुटतात. पुढचा फाटा श्वासाचा, मागचा अन्नाचा. ही मांडणी तशी गैरसोयीचीच. ‘जेवताना बोलू नये’ हा घरोघरचा दम तिच्यामुळेच आहे. श्वासनलिका कूर्चेच्या अर्धवट कड्यांनी उघडी राहते; ही कडी मागच्या बाजूला, अन्ननलिकेकडे, अपुरी असतात. एकच कडं सबंध गोल असतं, ते कंठमण्याच्या जरा खाली. त्याचा आकार मोहरेच्या अंगठीसारखा, पुढे अरुंद आणि मागे रुंद. ग्रीकमध्ये कड्याला ‘क्रिकोस’ म्हणतात, त्यावरून ते क्रिकॉइड. सबंध असल्यामुळे ते पुढून दाबलं तर आत चेपत नाही, अख्खंच मागे सरकतं आणि आपल्या व पाठीच्या कण्याच्या मधली मऊ वाट मिटवतं. श्वासाची वाट मात्र कड्याच्या आत उघडीच राहते. निदान कागदावर तरी हे असं घडतं.

एरवी श्वास घेताना हवा पोटात जात नाही याची कारणं दोन. आपण हवा आत ओढतो. छाती फुगते, आत दाब कमी होतो आणि हवा तिकडे धावते. शिवाय अन्ननलिकेच्या तोंडाशी एक वर्तुळाकार स्नायू असतो, तो घास गिळण्यापुरताच सैल पडतो. बेशुद्ध माणसाच्या बाबतीत दोन्ही कारणं लंगडी होतात. हवा बाहेरून ढकलावी लागते आणि दारावरचा तो स्नायू ढिला पडलेला असतो. ढकललेल्या हवेला फुप्फुसं कुठली आणि पोट कुठलं हे कळत नाही. जिथे अडथळा कमी तिथे ती जाते. मग पोट नगाऱ्यासारखं फुगतं, छाती आणि पोट यांच्यामधला पडदा वर रेटला जातो आणि फुप्फुसांना जागा उरत नाही. पुढच्या खेपेला हवा भरायला आणखी जोर लागतो आणि जोर लावला की आणखी हवा पोटात जाते. हे दुष्टचक्र कधी कधी दुसऱ्याच टोकाला फुटतं. फुगलेलं पोट आतला मजकूर वर फेकतं, तो घशात येतो आणि तिथून श्वासनलिकेत उतरतो.

मन्रोंचा काळ भात्याचा होता. तोंडाला तोंड लावून हवा भरण्याचं उदाहरण त्याच्याही आधीचं आहे. अ‍ॅलोआ गावचे शल्यचिकित्सक विल्यम टॉसाक यांनी १७३२ मध्ये धुराने गुदमरलेल्या एका खाणकामगाराला असं परत आणलं आणि १७४४ मध्ये ते छापून प्रसिद्ध केलं. पण परक्याच्या तोंडाला तोंड लावणं अनेकांना नकोसं वाटे, शिवाय आपण सोडलेली हवा ‘वापरलेली’ असते ही नवी जाणीवही आली होती. लोहाराकडे आणि घरच्या चुलीपाशी असणारा भाता हाताशी होताच. १७६७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये बुडालेल्यांना वाचवण्यासाठी संस्था निघाली, १७७४ मध्ये लंडनमध्ये विल्यम हॉझ आणि टॉमस कोगन यांनी तशीच संस्था काढली, ती पुढे रॉयल ह्युमेन सोसायटी झाली. या मंडळींच्या उपायांत एक प्रकार असाही होता की, बुडालेल्याच्या गुदद्वारातून भात्याने तंबाखूचा धूर आत सोडायचा. म्हणजे एका टोकाने आतड्यात मुद्दाम वारा भरायचा आणि दुसऱ्या टोकाने तो जाऊ नये म्हणून कंठ दाबायचा. त्या पिढीला यात विसंगती वाटली नसावी.

लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हंटर यांनी १७७६ मध्ये रॉयल सोसायटीपुढे याच विषयावर निबंध वाचला. त्यांनी दुहेरी भाता सुचवला, एका कप्प्याने ताजी हवा आत आणि दुसऱ्याने शिळी बाहेर. आणि त्यांनीही सांगितलं, की हवा भरताना कंठ अन्ननलिकेवर आणि कण्यावर हलका दाबून धरावा, नाहीतर पोट आणि आतडी वाऱ्याने भरतील. मन्रोंच्या आणि हंटरांच्या दोन्ही सूचनांमध्ये ‘हलकेच’ हा शब्द आहे, तो पुढे उपयोगी पडेल म्हणून इथे सांगून ठेवते.

भात्याचं राज्य फार टिकलं नाही. १८२० च्या दशकाच्या अखेरीस लरॉय देत्योल या फ्रेंच वैद्याने जनावरांवर प्रयोग करून दाखवलं, की भाता जोराने दाबला तर फुप्फुसं फाटतात आणि जनावर मरतं. फ्रेंच विज्ञान अकादमीत याची चर्चा झाली आणि काही वर्षांत भाता बदनाम झाला. खरं तर प्रयोगाने सिद्ध झालं होतं ते भाता दाबणाऱ्या हाताविषयी. शिक्षा भात्याला झाली. त्याच्या जागी हात वर-खाली करून, कुशीवर वळवून, पाठ दाबून श्वास चालवण्याच्या पद्धती आल्या. मार्शल हॉलची १८५६ ची, सिल्व्हेस्टरची १८५८ ची, शेफरची १९०३ ची, होल्गर निल्सनची १९३२ ची. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. बाहेरून हवा कोणी ढकलत नव्हतं, त्यामुळे पोटात ती जाण्याचाही प्रश्न नव्हता. प्रश्नच उरला नाही तर उत्तर कोण लक्षात ठेवणार? मन्रोंचं बोट विस्मृतीत गेलं.

याच काळात भूल आली. मराठीने या कृतीला निवडलेला शब्द मला फार आवडतो. हिंदी बेहोशी म्हणते, बंगाली ‘अज्ञान करणं’ म्हणते, म्हणजे काय हरपलं ते सांगते. मराठीतली भूल चकवाही असते, मोहिनीही असते आणि चूकही. १६ ऑक्टोबर १८४६ ला बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी इथरची भूल जाहीरपणे दिली, पुढच्या वर्षी एडिंबरोच्याच जेम्स यंग सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म आणलं. पण या भुलेतला माणूस स्वतः श्वास घेत असे. तोंडावर रुमाल किंवा मुखवटा धरायचा, थेंब टाकायचे, तो वाफ आत ओढतो. भात्याचं कामच नव्हतं.

भीती होती ती वेगळी. २८ जानेवारी १८४८ ला न्यूकॅसलजवळच्या विनलाटन गावी हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्मची बाजू घेत म्हटलं, की ती क्लोरोफॉर्मने गेली नाही. शुद्धीवर आणायला तोंडात पाणी आणि ब्रँडी घातली गेली, तिने ती गुदमरली. वादाचा निकाल लागला नाही, पण बेशुद्ध माणसाच्या घशातल्या द्रवाविषयीची धास्ती तेव्हापासून भूलशास्त्राच्या मागे आहे. तिला आकडे मिळाले १९४६ मध्ये. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेल्सन यांनी १९३२ ते १९४५ मधल्या ४४,०१६ गरोदरपणांच्या नोंदी तपासल्या. भूल दिलेली असताना पोटातला मजकूर फुप्फुसांत गेल्याच्या ६६ घटना त्यांना सापडल्या. त्यांतल्या दोघी दगावल्या, त्या घन अन्नाने गुदमरून. बाकीच्यांच्या फुप्फुसांना जाळलं ते जठरातल्या आम्लाने, हे त्यांनी सशांवर प्रयोग करून दाखवलं. शस्त्रक्रियेआधी ‘काही खायचं-प्यायचं नाही’ हा नियम आज प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्याच्या कडकपणामागे हा लेख आहे.

इथे लक्ष कसं वळलं ते पाहण्यासारखं आहे. मन्रो आणि हंटर यांना चिंता होती वरून खाली जाणाऱ्या हवेची. विसाव्या शतकाला चिंता लागली खालून वर येणाऱ्या अन्नाची. रस्ता तोच, वाहतुकीची दिशा उलटी.

आणि नेमका तेव्हाच भाता परतला. २३ जानेवारी १९४२ ला मॉन्ट्रियलमध्ये हॅरल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी भुलेत क्युरारे वापरलं. दक्षिण अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या बाणाचं हे विष स्नायू लुळे करतं. (ते रुग्णालय होमिओपॅथीचं होतं, ही इतिहासाची एक खोडी.) १९५१ च्या सुमारास सक्सामेथोनियम हे क्षणात काम करणारं औषध आलं. आता रुग्ण स्वतः श्वास घेऊ शकत नव्हता. भूलतज्ज्ञाने एका हाताने मुखवटा चेहऱ्यावर घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने रबरी पिशवी दाबायची, नळी श्वासनलिकेत जाईपर्यंत. भूल आता माणसाबरोबर त्याच्या अन्ननलिकेच्या द्वारपालालाही मिळत होती. दरम्यान जेम्स एलम आणि पीटर सफार यांनी सिद्ध केलं, की हात हलवण्याच्या जुन्या पद्धतींपेक्षा तोंडाने फुंकलेली हवाच माणसाला जगवते. कोपनहेगनच्या हेनिंग रुबेन यांनी १९५६ मध्ये दाबल्यावर आपोआप पुन्हा फुगणारी पिशवी बनवली, आज सगळे तिला अँबू म्हणतात. सव्वाशे वर्षांपूर्वी हाकलून दिलेला भाता रबराचं रूप घेऊन शस्त्रक्रियागृहात आणि रुग्णवाहिकेत शिरला. त्याच्याबरोबर पोटातला वाराही आला.

१९६१ हे या गोष्टीतलं महत्त्वाचं साल. त्या वर्षी एकाच प्रश्नाला दोन टोकांनी हात घालणारे दोन लेख आले आणि त्यातला एकच प्रसिद्ध झाला.

पहिला रुबेन आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी साधा प्रश्न विचारला: मुखवट्यातून हवा ढकलताना किती दाबाला ती पोटात जाऊ लागते? दाब मोजतात पाण्याच्या उंचीने. नळीतलं पाणी किती सेंटिमीटर वर चढतं, त्यावरून. उत्तर असं निघालं, की १५ सेंटिमीटरपर्यंत हवा पोटात क्वचितच जाते, १५ ते २५ च्या दरम्यान काहींच्या जाते आणि २५ च्या वर बहुतेकांच्या जाते. मोठ्या माणसाची वीत साधारण २० सेंटिमीटर भरते. वितीच्या आत राहिलात तर हवा फुप्फुसांत, वीत ओलांडलीत तर पोटात, इतका साधा हिशेब. तो पूर्णपणे पिशवी दाबणाऱ्या हाताचा होता.

दुसरा लेख लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातले ब्रायन सेलिक यांचा, ‘लॅन्सेट’च्या ऑगस्ट १९६१ च्या अंकातला. अगदी छोटा. भूल देताना मदतनिसाने अंगठा आणि बोटांनी क्रिकॉइड कडं मागे दाबून धरावं, नळी आत जाऊन तिचा फुगा भरेपर्यंत सोडू नये. म्हणजे पोटातलं वर येणार नाही. सेलिक यांनी पोटात पाणी भरलेल्या, डोकं खाली केलेल्या प्रेतावर याची खात्री करून घेतली होती. मग ओकारीचा धोका असलेल्या २६ रुग्णांवर ते वापरलं. कोणालाही दाब असताना उलटं आलं नाही, तिघांच्या बाबतीत मात्र दाब काढताच पोटातलं घशात आलं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पण ती तीन माणसं इतकी बोलकी होती, की जगाला दुसरा पुरावा लागला नाही. काही वर्षांतच ‘सेलिकची क्लृप्ती’ सगळीकडे शिकवली जाऊ लागली.

मराठीत तिचं नाव काय ठेवायचं, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न होता. परिचारिकांसाठीच्या एका मार्गदर्शिकेचा अनुवाद करताना ‘क्रिकॉइड प्रेशर’ समोर आलं. मराठीत गळा दाबला की माणूस मरतो. आपल्या भाषेत या क्रियापदाला दुसरा अर्थच नाही. ‘कंठदाब’ बरा, पण तो रोगाचं नाव वाटतो. शेवटी ‘कंठाचं कडं मागे दाबून धरणे’ असं लांबण लावूनच लिहिलं. लांब असण्याचा एक फायदा झाला, काय दाबायचं आणि कुठे दाबायचं ते नावातच आलं. कडं सोडून नुसता कंठमणी दाबणारे मदतनीस जगभर असतात.

सेलिक यांच्या लेखात आणखी एक मुद्दा होता, त्याकडे मागाहून आलेल्यांनी पाठ फिरवली. कडं दाबलेलं असताना मुखवट्यातून फुप्फुसांत हवा भरली तरी चालेल, कारण ती पोटात जाणार नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. म्हणजे मन्रोंची सूचना त्यांच्या लेखात पोटभाडेकरूसारखी राहतच होती. पण १९७० मध्ये स्टेप्ट आणि सफार यांनी भरल्या पोटाच्या रुग्णाला झटपट भूल देऊन नळी घालण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने मांडली आणि तिच्या प्रचलित रूपात एक निषेध घट्ट बसला: औषध दिल्यापासून नळी जाईपर्यंत पिशवी दाबायची नाही. हवा पोटात जाईल या भीतीने ती फुप्फुसांतही द्यायची नाही. आधी भरपूर ऑक्सिजन देऊन ठेवायचा आणि मग त्या शिदोरीवर ते मिनिटभर काढायचं. धट्ट्याकट्ट्या माणसाला ही शिदोरी पुरते. लहान मूल, गरोदर बाई, लठ्ठ माणूस, आधीच फुप्फुसं खराब असलेला रुग्ण यांची ती लवकर संपते. अशा वेळी एकीकडे ऑक्सिजनचा आकडा घसरताना दिसतो आणि दुसरीकडे पिशवीला हात लावायचा नाही हे शिकवण सांगते. पोटाच्या भयाने फुप्फुसाला उपाशी ठेवण्याचा हा प्रकार कित्येक दशकं चालला.

१९७४ मध्ये दोन गोष्टी घडल्या. रामेझ सालेम यांनी, सेलिक यांनाही बरोबर घेऊन, मुलांवरच्या अभ्यासात दाखवलं, की कडं दाबून धरलं तर पिशवीने भरलेली हवा खरोखरच पोटात जात नाही. आणि त्याच वर्षी सालेम, सेलिक आणि तेच जेम्स एलम अशा तिघांनी मिळून या कृतीचा इतिहास लिहिला, त्यात अठराव्या शतकातल्या पूर्वसूरींची नावं आली. ज्या कृतीला आपलं नाव लागलेलं आहे, ती आपल्या आधी दोनशे वर्षं होती, हे सांगणाऱ्या लेखावर सेलिक यांची सही आहे. वैद्यकाच्या इतिहासात हे रोज घडत नाही. तरी पाठ्यपुस्तकांनी नाव बदललं नाही. हेतूही बदलला नाही. अन्न पहिल्या ओळीत राहिलं, हवा शेवटच्या.

मग शंकांचे दिवस आले. किती जोराने दाबायचं, याचा काही काळ मेळच नव्हता. पुढे ठरलं की जागेपणी १० न्यूटन आणि भूल चढल्यावर ३०, म्हणजे साधारण तीन किलो वजनाचा भार. लोक वजनकाट्यावर बोटं दाबून सराव करू लागले. २००३ मध्ये एमआरआय चित्रांनी सांगितलं, की अन्ननलिका नेहमी कड्याच्या बरोबर मागे नसतेच. निम्म्याहून अधिक माणसांत ती जरा बाजूला असते आणि कडं दाबलं की आणखी सरकते. २००९ मध्ये दुसऱ्या चित्रांनी उत्तर दिलं, की मिटते ती अन्ननलिकेच्या वरची घशाची पोकळी आणि ती कड्याबरोबरच हलते, तेव्हा फार बिघडत नाही. फ्रान्समध्ये ३,४७२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. निम्म्यांचं कडं खरं दाबलं, निम्म्यांचं दाबल्याचं सोंग केलं. पोटातलं फुप्फुसांत गेल्याच्या घटना खऱ्या गटात १०, सोंगाच्या गटात ९. घटनाच इतक्या थोड्या, की संख्याशास्त्राने ठाम कौल द्यायला नकार दिला. मात्र खऱ्या दाबाने नळी घालणं अवघड होतं, हे स्पष्ट झालं. जोराने दाबलं तर श्वासाची वाटही अरुंद होते, मुखवट्यातून हवा जाईनाशी होते आणि मग पिशवी आणखी जोराने दाबावी लागते. मन्रो आणि हंटर यांच्या ‘हलकेच’चं तीन किलो झाल्यावर दुसरं काय होणार!

माझं मत असं, की अन्नाविषयीचा दावा अजून लटकलेला आहे, पण हवेविषयीचा मूळ दावा बऱ्यापैकी टिकून आहे. जो हेतू मागे पडला त्याच्याच बाजूला पुरावा जास्त, आणि ज्या हेतूने कृती गाजली त्याची बाजू कच्ची. आणि गंमत अशी, की हवेसाठीसुद्धा कंठ दाबायची गरज बहुतेक वेळा पडू नये. १९६१ चा तो मागे राहिलेला लेख हेच सांगत होता.

त्याला नवे डोळे मिळाले ल्योंमध्ये. लिओनेल बूव्हे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये छापलेल्या अभ्यासात, मुखवट्यातून हवा देत असतानाच रुग्णाच्या पोटावर सोनोग्राफीचं यंत्र धरलं आणि जठराच्या खालच्या भागात हवा शिरते का ते प्रत्यक्ष पाहिलं. यंत्राने दाब ठरावीक ठेवला होता: कोणाला १०, कोणाला १५, २० किंवा २५ सेंटिमीटर. पोटावर स्टेथोस्कोप ठेवून ऐकण्याची जुनी रीतही बरोबर होती. १० च्या दाबाला कानाने एकाच्याही पोटात हवा गेल्याचं कळलं नाही, सोनोग्राफीने मात्र १९ टक्क्यांच्या पोटात ती दिसली. २५ च्या दाबाला कानाने ४१ टक्के, डोळ्याने ५९. फुप्फुसांना पुरेशी हवा मिळावी आणि पोटात कमीत कमी जावी, याचा मेळ १५ ला बसत होता. रुबेन यांच्या वितीच्या अलीकडचाच आकडा, ५३ वर्षांनी. आणि ‘पिशवीला हात लावू नका’ या निषेधाचं काय? अमेरिकेतल्या अतिदक्षता विभागांमध्ये ४०१ रुग्णांवर केलेली चाचणी २०१९ मध्ये आली. नळी घालण्याआधी ज्यांना पिशवीने श्वास दिला, त्यांच्यात ऑक्सिजन धोकादायक पातळीला घसरण्याचं प्रमाण १०.९ टक्के, ज्यांना दिला नाही, त्यांच्यात २२.८. पोटातलं फुप्फुसांत गेल्याचं प्रमाण पहिल्या गटात जास्त निघालं नाही. ओकारीचा मोठा धोका असलेल्यांना त्या चाचणीत घेतलं नव्हतं, हेही ध्यानात ठेवायला हवं.

तर हवा पोटात जाऊ नये म्हणून मुख्यतः करायचं काय, ते ऐकायला अगदीच घरगुती वाटतं. आधी वाट मोकळी करायची: डोकं जरा मागे, उशी नीट, हनुवटी आणि जबडा पुढे उचललेला, जीभ मागे पडत असेल तर तोंडात वाकडी नळी. वाट अडलेली असताना जोर लावला की तो पोटातच जातो. मुखवटा एका हाताने नीट बसत नसेल तर दोन्ही हातांनी धरायचा आणि पिशवी दुसऱ्याच्या हाती द्यायची. पिशवी झटका देऊन दाबायची नाही. एक श्वास सुमारे एक सेकंदाचा आणि मोठ्या माणसाला पाचशे-सहाशे मिलिलिटरचा. अँबू पिशवी त्याच्या दुपटीहून मोठी असते, म्हणजे ती पूर्ण रिकामी करायचीच नसते. इथे मोठी अडचण घाबरलेल्या हाताची आहे. समोरचा माणूस श्वास घेत नाही हे दिसत असताना हळू आणि थोडं द्यायचं, हे हाताला पटत नाही.

त्या मार्गदर्शिकेत पिशवीसाठी क्रियापद निवडताना मी बराच वेळ घेतला. ‘पिळा’ म्हटलं की मनात धुणं आणि लिंबू येतं, शेवटच्या थेंबापर्यंत. ‘फुगवा’ पिशवीला लागू पडत नाही आणि छातीला लावलं तर जास्त होतं. ‘फुंकर’ हा शब्द मला मोहात पाडत होता. भाजलेल्या बोटावर घालतात तितकीच हवा त्यात असते. पण फुंकर तोंडाची, हाताची नाही. मग ‘दाबा’ हेच ठेवलं आणि त्याच्यापुढे जोडलं, ‘छाती उचललेली दिसली की तिथेच हात सैल सोडा.’ तपासणाऱ्या भूलतज्ज्ञ बाईंनी त्या ओळीखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘हे ठळक अक्षरात घ्या.’